विमानतळाचे हस्तांतरण, विस्तार आणि भोवतालची गावे

(सचिन, जिल्हा सुरत येथे मराठी भाषिक रहिवासी, ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



उधना–जळगाव लोहमार्गाने गेल्या कित्येक पिढ्या खानदेशातील माणूस सुरतेस येत राहिला. कोणी मागावर उभा राहिला, कोणी रंगाच्या कारखान्यात, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसला. लिंबायत, पांडेसरा, डिंडोली, उधना आणि आता हे सचिन, या वस्त्यांतून अहिराणी आजही कानी पडते, ही गोष्ट मला स्टेशनवर उतरल्या उतरल्या जाणवली.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. मी महाराष्ट्र शासनाच्या प्रसिद्धी शाखेतील अधिकारी आहे. सुरतच्या विमानतळाविषयी निर्णय घेणारे मी नव्हे, आणि शेजारच्या राज्याच्या कारभारावर अभिप्राय देण्याचा मला अधिकारही नाही. तथापि आपल्या निमंत्रणपत्रात एक वाक्य होते : "विमानतळ विकला जाणार आणि वाढणारही, असे ऐकतो. आमच्या गावांचे काय होणार, ते कोणी समजावून सांगत नाही." समजावून सांगणे हेच ज्याचे काम, त्याला हे वाक्य वाचून स्वस्थ बसवत नाही. म्हणून मी आलो.

आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिचा जन्मच मुळी एका हस्तांतरणातून झाला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात गादीचा तंटा उपस्थित झाला, तेव्हा अब्दुल करीमखान उर्फ बाळूमियाँ याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि त्याच्या मोबदल्यात १७९१ साली त्याला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. सचिन संस्थान ते हेच. पुण्याच्या दरबारात त्या वेळी सवाई माधवराव गादीवर होते आणि कारभार नाना फडणीसांच्या हाती होता. व्यवहार कागदोपत्री चोख झाला. परंतु पुढे काय झाले? बाळूमियाँला सचिन मिळाले, त्याच्या वंशजांनी येथे १९४८ पर्यंत राज्य केले. पेशव्यांना जंजिरा मात्र कधीच मिळाला नाही, कारण किल्ला ज्यांच्या हाती होता त्या सिद्दींनी तो सोडला नाही. हक्काचा कागद पुण्यात आणि ताबा समुद्रात.

ही गोष्ट मी करमणुकीसाठी सांगितली नाही. मालकी, ताबा, आणि उत्पन्न घेण्याचा अधिकार या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या एकत्र असतात असे आपण गृहीत धरतो, आणि विमानतळाच्या बाबतीत नेमका येथेच घोटाळा होतो. येथील गुजराती शेजारी म्हणतात, "एरपोर्ट वेचाई गयुं." आपण म्हणतो, "विमानतळ विकून टाकला." गंमत अशी की गुजरातीत वेचणे म्हणजे विकणे आणि मराठीत वेचणे म्हणजे हवे तेवढे निवडून उचलणे. प्रत्यक्षात जे घडते ते कित्येकदा या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ असते.

सुरतच्या विमानतळाचा इतिहास थोडक्यात पाहू. मगदल्ला येथील हा तळ गुजरात शासनाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांधला. धावपट्टी अवघी १४०० मीटरची. तीवर पंख्यांची लहान विमाने उतरत, तीही अधूनमधून. मधली कित्येक वर्षे एवढ्या मोठ्या व्यापारी शहराला नियमित विमानसेवा नव्हती. सुरतेचा व्यापारी मुंबईला आगगाडीने जाई आणि तेथून विमान पकडी. २००३ साली हा तळ राज्य शासनाकडून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला. म्हणजे पहिले हस्तांतरण झाले ते एका सरकारी हातातून दुसऱ्या सरकारी हातात. त्यानंतर धावपट्टी आधी २२५० मीटर आणि पुढे २९०५ मीटर झाली. २००९ मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारत उघडली. २०१९ च्या फेब्रुवारीत शारजाचे विमान येथून उडाले. १५ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यास मान्यता दिली आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, पंतप्रधानांच्या हस्ते विस्तारित इमारतीचे उद्घाटन झाले. गर्दीच्या तासाला देशांतर्गत १२०० आणि परदेशी ६०० प्रवासी सामावून घेईल, आणि वर्षाकाठी क्षमता ५५ लाखांपर्यंत नेता येईल, अशी तिची रचना असल्याचे शासनाने जाहीर केले. रांदेरच्या जुन्या घरांतील लाकडी कोरीव कामाची छाया तिच्या दर्शनी भागावर आणली आहे. आपल्यापैकी ज्यांनी रांदेरची घरे पाहिली असतील, त्यांनी एकदा जाऊन ती पाहावी.

आता 'विक्री'. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक मालमत्तांपासून उत्पन्न मिळविण्याची एक योजना प्रसिद्ध केली. तीत देशातील पंचवीस विमानतळांची यादी होती. त्या यादीत सुरतचे नाव होते, वडोदऱ्याचे होते आणि आमच्या नागपूरचेही होते. आपल्या कानांवर आलेली वार्ता तेथून निघाली आहे. यादीत नाव असणे म्हणजे करार होणे नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे. आणि करार झाला तरी त्यात जमीन विकली जात नाही. प्राधिकरणाच्या कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद केली. तिच्यात भाडेपट्टाच आहे, खरेदीखत नाही.

मग घेणारा काय घेतो? विमानतळ चालविण्याचा, तेथे ठरावीक बांधकाम करण्याचा आणि प्रवासी, विमान कंपन्या, दुकानदार, वाहनतळ यांच्याकडून शुल्क वसूल करण्याचा अधिकार तो घेतो. त्याबद्दल तो प्राधिकरणाला काय देतो, याच्या दोन रीती आपल्या देशात दिसतात. २००६ मध्ये मुंबईचा विमानतळ खाजगी भागीदारीत गेला तेव्हा उत्पन्नातील हिस्सा ठरला, तो शेकडा ३८.७. म्हणजे शंभर रुपये जमा झाले की ३८ रुपये ७० पैसे प्राधिकरणाचे. दुसरी रीत २०१९ साली अहमदाबादसह सहा विमानतळांच्या लिलावात आली. येथे दरडोई बोली होती. अहमदाबादसाठी प्रत्येक प्रवाशामागे १७७ रुपये ही सर्वांत मोठी बोली ठरली, आणि मुदत पन्नास वर्षांची. लिलाव जिंकणाऱ्याने ते पैसे आपल्या खिशातून कायमचे द्यावयाचे नसतात, हे सांगावयास नकोच. ते कोणत्या ना कोणत्या वाटेने तिकिटात, चहाच्या पेल्यात किंवा गाडी उभी करण्याच्या पावतीत उतरतात. मोठ्या विमानतळांवरील शुल्क ठरविण्यासाठी एक स्वतंत्र नियामक प्राधिकरण आहे, ते या वाटांपैकी काहींवर देखरेख ठेवते, सर्वांवर नाही.

नागपूरचे उदाहरण मी मुद्दाम थोडे विस्ताराने सांगतो, कारण अशा कराराला किती काळ लागू शकतो हे त्यावरून कळते. तेथील विमानतळ राज्याची विमानतळ विकास कंपनी आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या संयुक्त कंपनीकडे होता. खाजगी चालक निवडण्यासाठी निविदा निघाल्या. सर्वोच्च बोली उत्पन्नाच्या ५.७६ टक्के हिश्श्याची आली. वाटाघाटींत ती १४.४९ टक्क्यांपर्यंत वाढली. तरीही ती पुरेशी नाही असे ठरून २०२० साली निविदा प्रक्रिया रद्द झाली. बोली देणारी कंपनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली आणि २०२१ मध्ये जिंकली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला, आणि सर्व आक्षेप संपून करार झाला तो २०२४ च्या ऑक्टोबरात. निविदेतील वाद कोणाच्या बाजूने सुटला हा वकिलांचा विषय. माझ्यासारख्याला दिसते ते एवढेच की या काळात विस्ताराचे मोठे काम कोणी हाती घ्यावयाचे हा प्रश्न अधांतरी होता, आणि ज्यांची जमीन त्या विस्ताराशी जोडलेली होती त्यांच्या सात-बाऱ्यावरही तो अधांतरीपणा टांगलेला होता.

याहून बोलके उदाहरण आमच्याच राज्यातील पाच लहान विमानतळांचे आहे. नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि धाराशिव हे पाच तळ २००९ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाने एका खाजगी कंपनीला पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पंच्याण्णव वर्षे म्हणजे नातवंडांच्या हयातीपर्यंत. त्या वेळी विस्ताराची चित्रे वृत्तपत्रांत छापून आली. पुढे अपेक्षित विमाने आली नाहीत, विकास झाला नाही, आणि २०२३ साली विधिमंडळात राज्य शासनाला हे विमानतळ परत घेण्याचा मनोदय सांगावा लागला. शासनाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने ही गोष्ट सांगावी का, असे कोणास वाटेल. माझे मत असे की सांगावी. जो धडा चौदा वर्षांत महागात शिकलो तो शेजाऱ्याला फुकट देण्यात शासनाचा कमीपणा नाही. धडा हा की करारात विस्ताराचे वचन असते, परंतु ते कोणत्या सालापर्यंत, किती मीटर, किती प्रवाशांसाठी, आणि पाळले नाही तर ताबा किती दिवसांत परत, हे कलम वाचावयाचे असते. ते कलम दुबळे असेल तर वचनाला वजन राहत नाही.

आता विस्ताराकडे येतो, कारण गावकऱ्याचा खरा संबंध येथे आहे. विमानतळाला कोण पैसे देतो यापेक्षा कुंपण कोठवर येणार हे त्याला अधिक कळले पाहिजे.

धावपट्टी वाढविणे म्हणजे डांबराचा पट्टा लांब करणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. विमान जितके जड आणि हवा जितकी उष्ण, तितकी धाव लांब लागते. उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि पंखांना उचल कमी मिळते. म्हणून लांब पल्ल्याच्या, इंधनाने भरलेल्या विमानांसाठी २९०५ मीटर अपुरे पडतात आणि धावपट्टी आणखी लांबविण्याची मागणी सुरतेत होत असते. परंतु धावपट्टीच्या दोन्ही बाजूंस मिळून पावणेतीनशे ते तीनशे मीटर रुंदीचा मोकळा सपाट पट्टा लागतो. टोकाच्या पलीकडे, विमान थांबले नाही तर त्याला सावरण्यासाठी, सुमारे २४० मीटरची सुरक्षित जागा असावी असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. कोझिकोडे येथे ७ ऑगस्ट २०२० रोजी पावसात उतरलेले विमान धावपट्टीच्या टोकावरून खाली कोसळले आणि एकवीस माणसे गेली, तेव्हा ही टोकाची जागा किती मोलाची हे देशाने पाहिले. त्याशिवाय रात्री व धुक्यात वैमानिकाला वाट दाखविणाऱ्या दिव्यांची ओळ असते. पूर्ण बसविली तर ती धावपट्टीच्या टोकापासून ९०० मीटर बाहेर जाते. हे दिवे बहुधा शेतातच उभे असतात. तेव्हा 'पाचशे मीटर वाढ' असे बातमीत वाचाल, त्या वेळी कुंपण पाचशे मीटरच सरकेल असे समजू नका. मागदल्ला, गवियर, आभवा, डुमस या बाजूच्या रहिवाशांना हा हिशेब अनुभवाने ठाऊक आहे. डुमस एके काळी याच सचिन संस्थानाचे समुद्रकाठचे ठिकाण होते, हे येथील वृद्धांना सांगण्याची आवश्यकता नाही.

कुंपणाचा विषय निघाला म्हणून आठवण देतो. ६ नोव्हेंबर २०१४ च्या संध्याकाळी सुरतच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या बेतात असलेले प्रवासी विमान एका म्हशीवर आदळले. सुदैवाने प्रवासी बचावले. त्या वेळी देशभर विनोद झाले. मला त्यात विनोद दिसला नाही. ज्या रानात जनावरे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती तेथे भिंत उभी राहते, तेव्हा जनावरांना नवी वाट लागते, आणि ती वाट विस्ताराच्या नकाशातच आखावी लागते. नाही तर जनावर आपली वाट आपण काढते.

जमीन कशी घेतली जाते? १८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकत घेण्यास साठ दिवस मिळतात. मोबदल्यात बाजारभावावर ग्रामीण भागासाठी गुणक लागतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. एवढे बहुतेकांना ठाऊक आहे. जे फारसे ठाऊक नसते ते आता सांगतो. याच कायद्यात शासन स्वतःसाठी जमीन घेत असेल तर शेतकऱ्यांच्या संमतीची अट नाही. शासन व खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतील प्रकल्प असेल तर सत्तर टक्के बाधितांची, आणि खाजगी कंपनीसाठी असेल तर ऐंशी टक्क्यांची संमती लागते. गुजरातने २०१६ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांस संमतीच्या व सामाजिक परिणामांच्या पाहणीच्या अटींतून वगळण्याची वाट ठेवली आहे, हेही जाणून घ्या. याचा अर्थ असा की विस्तारासाठी जमीन आधी सरकारी प्राधिकरणाने घेतली आणि नंतर तळ भाडेपट्ट्याने दिला, तर शेतकऱ्याला एक कायदेशीर स्थान मिळते. आधी भाडेपट्टा आणि नंतर जमीन, असा क्रम असेल तर दुसरे स्थान मिळू शकते. दोन्ही वेळी जमीन तीच, शेत तेच, कुंपणही तेच. म्हणून 'विकणार की नाही' याच्याइतकाच 'कोणते आधी' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो मामलतदार कचेरीत लेखी विचारता येतो. त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.

मोबदला केवळ रोखीत असावा की नाही, याविषयी नवी मुंबईकडे पाहावे. तेथे दहा गावठाणे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळविले गेले. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. प्रकल्पग्रस्तांना तेथे साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा पर्याय मिळाला. हा पर्याय कोणाच्या औदार्यातून आला नाही. १९८४ मध्ये उरण-पनवेलच्या भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, ज्यात पाच माणसे गोळीबारात प्राणास मुकली, त्यातून आधी साडेबारा टक्क्यांचे तत्त्व रुजले आणि विमानतळाच्या वेळी ते पुढे गेले. ज्याची जमीन गेली त्याला वाढत्या शहरात पाय ठेवण्यापुरती जागा राहिली, हा त्यातला गाभा. रोख रक्कम मोटारसायकलीत, लग्नांत आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत किती झरझर जाते, हे मी आमच्या अनेक प्रकल्पांच्या गावी पाहिले आहे. येथे तशी तरतूद होईल किंवा व्हावी असे मी म्हणत नाही. मागावयाचे काय, हे ठाऊक असावे, म्हणून सांगितले.

या ठिकाणी मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात एका धावपट्टीच्या विस्ताराविषयी प्रसिद्धीपत्रक काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी कला शाखेचा पदवीधर, भाषेची हौस. पत्रक मोठे सुबक लिहिले. 'विकासाची नवी पहाट' असे काहीतरी शीर्षक होते. त्यात रक्कम होती, मान्यवरांची नावे होती, भविष्यातील प्रवासीसंख्या होती. गट क्रमांक मात्र नव्हते. जागा फार जाते म्हणून मीच ती यादी गाळली होती. काही महिन्यांनी त्या गावी गेलो तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने मला आपल्या विहिरीशी नेले. विहिरीच्या अलीकडे मोजणीचा दगड रोवलेला. तो म्हणाला, "साहेब, तुमचा कागद मी नातवाकडून दोनदा वाचून घेतला. त्यात माझी विहीर कोठे होती?" हरकतीची मुदत तोवर टळून गेली होती. मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून जमिनीच्या कोणत्याही पत्रकात विशेषणे कापली जातात, गट क्रमांक कापले जात नाहीत, हा मी स्वतःपुरता नियम केला. या सभेत शासकीय कर्मचारी आहेत, त्यांना माझी विनंती आहे की असे पत्रक आपल्या टेबलावर आले तर प्रथम क्रमांक शोधावेत.

आता सचिनकरांचा थेट प्रश्न. आपण म्हणाल, विमानतळ मगदल्ल्याला, आम्ही इकडे रेल्वेमार्गाच्या काठी, आमचा काय संबंध? संबंध आहे. विमानतळापासून सचिन सरळ रेषेत साधारण पंधरा किलोमीटरवर येते, आणि विमानांच्या सुरक्षिततेसाठी बांधकामाच्या उंचीवर नियंत्रण ठेवणारे २०१५ चे केंद्रीय नियम वीस किलोमीटरच्या परिघाला लागू होतात. त्यासाठी प्राधिकरण रंगांचे नकाशे तयार करते. कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतः परवानगी देऊ शकते आणि कोठे प्राधिकरणाचाच दाखला लागतो, हे त्यावरून कळते. सचिन २०२० साली सुरत महानगरपालिकेत आले. येथे औद्योगिक वसाहत वाढते आहे, चाळींच्या जागी मजले चढत आहेत, धुराडी आणि भ्रमणध्वनीचे मनोरे उभे राहत आहेत. तेव्हा हे नकाशे केवळ वेसूच्या बिल्डरांचा विषय राहिलेले नाहीत.

वेसूचा उल्लेख आला. त्या बाजूला धावपट्टीच्या रेषेत उंच इमारती उभ्या राहिल्या. परिणाम असा की त्या टोकाकडून उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीच्या पहिल्या सहाशेहून अधिक मीटरांवर चाके टेकविता येत नाहीत. पुढे जाऊन टेकवावी लागतात. सार्वजनिक पैशातून बांधलेले सहाशे मीटर उतरण्यापुरते वाया गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले, आणि त्या इमारतींत घरे घेणारी कुटुंबे, ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली, ती मधल्यामध्ये सापडली. एका बाजूने धावपट्टी लांबविण्यासाठी शेतकऱ्याची जमीन मागावयाची आणि दुसऱ्या बाजूने असलेली लांबी इमारतींखाली घालवावयाची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. मला विचाराल तर विस्ताराचा पहिला टप्पा हा असलेले मीटर परत मिळविण्याचा असावा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उडालेले विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळून जमिनीवरील माणसांसह २६० जण गेले. त्या दुर्घटनेचे कारण इमारतींची उंची हे नव्हते, हे स्पष्ट सांगतो. परंतु विमानतळाच्या कुंपणाबाहेर राहणारी माणसे त्याच्याशी किती जवळून बांधलेली असतात, हे त्या दिवसाने दाखविले.

अजून एक लहान गोष्ट. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास विमान नियमांनी बंदी केली आहे. कारण घारी आणि गिधाडे. सचिन या परिघाबाहेर आहे, परंतु आपल्यापैकी अनेकांचे नातलग त्या परिघात राहतात, त्यांना सांगावे.

माझ्यापुढे एका शिक्षिकेने चिठ्ठी ठेवली आहे. शाळेच्या इमारतीवर आणखी एक मजला चढवावयाचा आहे, विमानतळाचा दाखला लागेल काय, आणि त्यात लिहिलेली उंची कशी वाचावी, असे त्या विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. आपली जागा रंगांच्या नकाशावर कोणत्या पट्ट्यात येते हे महानगरपालिकेच्या नगररचना शाखेत पाहावे. दाखला लागत असेल तर अर्जात अक्षांश-रेखांश आणि जमिनीची पातळी अचूक लिहावी. या दोन आकड्यांतील चूक पुढे मजला पाडण्यापर्यंत नेऊ शकते. आणि दाखल्यातील उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. समजा दाखल्यावर ६० मीटर लिहिले आहे आणि शाळेचे पटांगण समुद्रसपाटीपासून ९ मीटर उंच आहे, तर इमारत ५१ मीटरच चढवता येईल, ६० नव्हे. त्यात जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि वीजरोधक सळईसुद्धा धरावयाची. आपल्या शाळेला एका मजल्यासाठी अडचण येऊ नये, तरी कागद करून ठेवावा. पाचवी-सहावीच्या मुलांना तो हिशेब फळ्यावर जरूर करून दाखवावा, त्यांना तो जमेल.

आणखी प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात.